आपल्या ताटाचा जमाखर्च

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात ज्येष्ठ सभासदांसाठी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर. शेवटी विचारलेल्या काही प्रश्नांची उत्तरेही जोडली आहेत.)



आहारावर बोलायला डॉक्टर बोलवायचे सोडून कमिटीने बँकेतला माणूस का उभा केला, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर मला इथून दिसतो आहे. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो आणि लगेच बँकेत चिकटलो. आमच्या उमेदवारीच्या काळात कॉम्प्युटर नव्हते. डे-बुक टॅली झाल्याशिवाय घरी जायचे नाही, मग रात्रीचे नऊ वाजोत. रसायनशास्त्र मागे पडले, पण हिशेब जुळला नाही की चैन न पडण्याची खोड तेवढी राहिली.

दोन वर्षांपूर्वी आमच्या सौ.च्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. ती उत्तम झाली, पण दोन महिने झाले तरी पायात जोर येईना. तेव्हा आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितले, "काकू दिवसभरात काय काय खातात ते आठवडाभर लिहून आणा, वजनासकट." लिहिण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा आणि एक दोनशेपानी वही घेऊन मी बसलो. त्या वहीतून जे निघाले ते मी सेक्रेटरीसाहेबांना जिन्यात सांगितले आणि त्यांनी मला इथे आणून बसवले. तेव्हा आज जे सांगणार आहे ते हिशेबनिसाने सांगितलेले आहे असे समजावे. औषधाचे ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांना विचारावे.

आपण जे खातो त्यात तीन गोष्टी ग्रॅमच्या मापात लागतात. कर्बोदके, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ. यांना मॅक्रोन्यूट्रिअंट म्हणतात, म्हणजे मोठ्या प्रमाणात लागणारी पोषकद्रव्ये. जीवनसत्त्वे आणि क्षार मिलिग्रॅममध्ये किंवा त्याहूनही कमी लागतात. त्यांच्याविषयी आज बोलणार नाही. एक ग्रॅम कर्बोदकापासून ४ कॅलरी मिळतात, एक ग्रॅम प्रथिनापासूनही ४ आणि एक ग्रॅम तेला-तुपापासून ९. एवढे आकडे लक्षात ठेवले तर पुरे. पण आकडा सारखा म्हणजे काम सारखे नव्हे. शंभर रुपये पगारात आले, कर्जातून आले की घरातले भांडे विकून आले, यात फरक असतोच की नाही? तसेच आहे.

पहिल्यांदा कर्बोदके. भात, पोळी, भाकरी, पोहे, रवा, बटाटा, साबुदाणा, साखर, गूळ, फळे, सगळी याच कुळातली. पोटात गेल्यावर यांचे बहुतेक सगळे शेवटी ग्लुकोज होते आणि ते रक्तात उतरते. आता गंमत पाहा. आपल्या अंगात साधारण पाच लिटर रक्त. उपाशीपोटी साखर १०० आली असे आपण म्हणतो, म्हणजे दर १०० मिलिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅम. हिशेब करा, सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज भरते फक्त पाच ग्रॅम. एक चहाचा चमचा! आणि दोन वाट्या भात खाल्ला की त्याच्या कितीतरी पट ग्लुकोज तासा-दोन तासांत आत येते. ते वेळच्या वेळी रक्तातून उचलून स्नायूंत, यकृतात, चरबीत पोचवण्याचे काम इन्सुलिनच्या हुकमाने चालते. हे इन्सुलिन १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट या दोघांनी वेगळे काढले. त्याआधी लहान वयातला मधुमेह म्हणजे मृत्यूच होता.

ग्लुकोज ही हातातली रोकड. मेंदू वजनाने शरीराच्या दोन टक्के, पण एकूण ऊर्जेतला पाचवा हिस्सा तो एकटा खातो, आणि एरवी तो ग्लुकोजवरच चालतो, दिवसाला साधारण १२० ग्रॅम. म्हणून यकृतात शंभरेक ग्रॅमची शिल्लक ग्लायकोजेनच्या रूपात ठेवलेली असते. रात्री जेवून झोपलो की सकाळपर्यंत तीच हळूहळू रक्तात सोडली जाते. स्नायूंतही चारेकशे ग्रॅमचा साठा असतो, पण तो स्नायूंपुरताच. तो दुसऱ्या कुणाला उसना मिळत नाही. म्हणजे कर्बोदकांची शिल्लक फार मोठी नाही, दिवसभराची म्हणा. त्याहून जास्त आलेले सगळे चरबीत वळते होते.

आपल्याकडे कर्बोदकांची टंचाई आहे काय? मुळीच नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 'इंडिआब' पाहणीत असे दिसले की आपल्या देशात माणसाच्या रोजच्या कॅलरीतल्या सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात. त्याच पाहणीने २०२३ साली देशात दहा कोटींवर मधुमेही असल्याचे सांगितले. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था म्हणते की धान्यातून ४५ टक्क्यांहून जास्त कॅलरी नकोत. आपल्या घरात पाहुणा आला की पोहे, नाष्ट्याला उपमा, जेवायला पोळी आणि भात दोन्ही, भाजी बटाट्याची, संध्याकाळी चहाबरोबर बिस्किट आणि उपवासाला साबुदाणा. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' असे आपल्या आज्या म्हणत, त्या चुकीचे म्हणत नव्हत्या. साबुदाणा म्हणजे कसाव्याच्या कंदाचा निव्वळ पिठूळ भाग. त्यात प्रथिने जवळजवळ नाहीत. खिचडीत जे काही बळ असते ते शेंगदाण्याच्या कुटाचे.

आता यावर कुणी म्हणेल की मी गहू सोडला, ज्वारीची भाकरी खातो, मला चिंता नाही. ज्वारी चांगलीच. पण शंभर ग्रॅम ज्वारीतही साधारण ६८ ते ७० ग्रॅम कर्बोदकेच असतात, गव्हासारखीच. तेव्हा भाकरीही मोजूनच खायची. धान्याबरोबर पालेभाजी, कोशिंबीर, उसळ असली की तंतुमय भागामुळे ग्लुकोज रक्तात सावकाश उतरते. भात एकटा खाण्यात आणि भाजी-उसळीबरोबर खाण्यात हा फरक आहे.

मध्यंतरी दीक्षित की दिवेकर यावरून आपल्या सोसायटीत दोन पक्ष पडले होते. संध्याकाळी बाकावर बसून वाद चालत, तो मजा आणणारा काळ होता. मी त्या वादात पडत नाही. दोनदा खा नाहीतर दर दोन तासांनी खा, दिवसअखेर ताटात काय आणि किती गेले याची बेरीज चुकत नाही.

दुसरे स्निग्ध पदार्थ. यांच्यावर आपण फार राग धरला आहे. खरे तर शरीराची मुदत ठेव ती हीच. साधारण अंगकाठीच्या माणसातही दहा किलोच्या आसपास चरबी असते आणि एक किलो चरबीत ७,७०० कॅलरी साठतात. गुणाकार केलात तर महिनाभराहून अधिक दिवसांची शिदोरी झाली. हाच साठा ग्लायकोजेनमध्ये ठेवला असता तर प्रत्येक ग्रॅमबरोबर तीन ग्रॅम पाणी वागवावे लागले असते आणि आपल्याला आपलाच भार उचलवला नसता. निसर्गाने हिशेब बरोबर केला आहे.

पण साठ्यापुरतेच त्यांचे काम नाही. प्रत्येक पेशीचे वेष्टण स्निग्ध पदार्थांचे असते, नसांवरचे आवरण त्यांचे, अनेक संप्रेरके त्यांच्यापासून बनतात. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे तेला-तुपाशिवाय नीट अंगी लागत नाहीत. म्हणून गाजराच्या कोशिंबिरीला फोडणी हवी, ती नुसती चवीसाठी नव्हे. १९२९ साली अमेरिकेत जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या नवरा-बायकोने उंदरांना सगळे दिले आणि फक्त स्निग्ध पदार्थ वगळले. उंदीर आजारी पडले, कातडी खवल्यांसारखी झाली, वाढ खुंटली. तेव्हा कळले की काही मेदाम्ले शरीर स्वतः बनवू शकत नाही, ती बाहेरूनच आणावी लागतात.

किती तेल, हा प्रश्न वहिनी मंडळींचा. पोषण संस्थेच्या दोन हजार कॅलरींच्या आदर्श ताटात वरून घेतलेले तेल-तूप २७ ग्रॅमच्या आसपास आहे. चौघांचे घर धरा. २७ गुणिले ४ गुणिले ३०, म्हणजे महिन्याला सव्वातीन किलो, लिटरमध्ये साडेतीन. यात तूपही आले. आता आपापल्या वाण्याची यादी काढा. चौघांत पाच लिटरचा कॅन महिन्यात संपत असेल तर माणशी ३८ ग्रॅम चालले आहे, म्हणजे रोज शंभर कॅलरी जादा. तेल कुठले, हा वाद त्यानंतरचा. करडई, शेंगदाणा, सोयाबीन, मोहरी आलटून-पालटून वापरावे. एकच टाळावे, ते म्हणजे गोठवलेले वनस्पती तूप आणि पुन्हापुन्हा तापवलेले तळणाचे तेल. कारखानी ट्रान्स फॅटवर सरकारने २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा घातली आहे, ती उगीच नाही.

आता मुख्य विषय. प्रथिने.

प्रोटीन हा शब्द १८३८ साली मुल्डर नावाच्या डच रसायनशास्त्रज्ञाने वापरला. तो ग्रीक भाषेतून घेतला, अर्थ पहिल्या मानाचा. नाव योग्य आहे. स्नायू प्रथिनांचे, कातडी, केस, नखे प्रथिनांची, रक्तातला तांबडा रंग प्रथिनाचा, अन्न पचवणारी विकरे प्रथिनांची, रोगाशी लढणारी प्रतिद्रव्ये प्रथिनांची आणि वर सांगितलेले इन्सुलिनसुद्धा प्रथिनच. प्रौढ माणसाच्या शरीरात प्रथिनांची मूळ रक्कम दहा किलोच्या आसपास असते आणि ती स्थिर बसलेली नसते. रोज पाव किलोहून जास्त प्रथिन मोडले जाते आणि पुन्हा बांधले जाते. तांबड्या पेशीचे आयुष्यच मुळी १२० दिवस. मोडलेल्या मालातला बराचसा परत वापरात येतो, पण थोडा दररोज जळतो आणि लघवीवाटे युरियाच्या रूपाने बाहेर पडतो. तेवढी भरपाई रोज बाहेरून करावी लागते.

आणि इथे बँकेच्या माणसाला चटकन कळेल अशी गोष्ट आहे. ग्लुकोजला चालू खाते आहे, चरबीला मुदत ठेव आहे, प्रथिनांना ठेव खातेच नाही! आज लग्नात भरपूर पनीर खाल्ले म्हणून ते परवासाठी शिल्लक राहत नाही. जादा झाले त्याचा नत्र काढून टाकला जातो आणि उरलेले जाळले जाते किंवा चरबीत जाते. उलट एखाद्या दिवशी कमी पडले तर शरीर थांबत नाही. ते स्नायू मोडते आणि त्यातून यकृताची, रक्ताची, प्रतिकाराची नड भागवते. वाण्याचे बिल भागवायला घराची दारे-खिडक्या विकण्यासारखे ते आहे. घर उभे दिसते, पण आत पोकळ होत जाते.

इथे एका मराठी माणसाचे नाव घ्यायला हवे. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, जन्म १९११ चा, संख्याशास्त्रज्ञ. रोमला जागतिक अन्न व शेती संघटनेत त्यांनी अनेक वर्षे सांख्यिकी विभाग सांभाळला आणि नंतर पुण्यात येऊन काम केले. १९६० च्या दशकात संयुक्त राष्ट्रांमध्ये गरीब देशांतल्या 'प्रथिनांच्या संकटा'ची मोठी चर्चा होती. त्या वेळी सुखात्म्यांनी आकडे मांडून सांगितले की आपल्याकडचा माणूस जे धान्य-डाळ खातो तेच पोटभर खाईल तर प्रथिनांची गरज बहुतांशी भागते. त्याचे दुखणे अर्धपोटी राहण्याचे आहे. पोट रिकामे असले की शरीर खाल्लेले प्रथिनही चुलीत सरपण म्हणून जाळते, बांधकामाला उरत नाही. यावर पुष्कळ वाद झाले, पण मूळ मुद्दा पुढे बराचसा मान्य झाला. कर्बोदके पुरेशी असली तर प्रथिने वाचतात, हे त्यामागचे शास्त्र. म्हणून जे लोक वजन उतरवायला एकदम उपाशी राहतात त्यांच्या चरबीबरोबर स्नायूही जातात.

मग सुखात्मे म्हणाले तसे पोटभर धान्य-डाळ खाल्ली की झाले, मी कशाला घसा कोरडा करतो? कारण तो हिशेब पोटभर खाणाऱ्या, राबणाऱ्या माणसाचा होता. शेतावर राबणारा माणूस दिवसाला अर्धा किलो धान्य आणि वर डाळ खातो. त्याला नुसत्या भाकरीतून चाळीस-पन्नास ग्रॅम प्रथिने मिळून जातात. आपण सत्तरीतली माणसे. भूक कमी, दात गेलेले, हिंडणे-फिरणे थोडे. आपण खातो त्याच्या निम्मे, आणि त्यात डाळ आणखी पातळ. तेव्हा सुखात्म्यांचे गणित आपल्या ताटाला लागू पडत नाही.

आता वहीतले पान वाचतो. हे एका दिवसाचे, पण आपल्या अनेक घरांत असेच निघेल. सकाळ-संध्याकाळ चहा, दोन्ही मिळून दूध १०० मिलिलिटर, प्रथिने ३ ग्रॅम. दोन बिस्किटे, १ ग्रॅम. न्याहारीला पोहे, थोडे शेंगदाणे घातलेले, साडेचार. दुपारी दोन पातळ पोळ्या, ६. मूठभर तांदळाचा भात, ३. आमटी एक वाटी, तिच्यात डाळ १५ ग्रॅम, प्रथिने ३. दुधी भोपळ्याची भाजी, २ धरा. रात्री मऊ भात, ३. एक वाटी ताक, दीड. एकूण २७ ग्रॅम.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रत्येक किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. ५५ किलोच्या बाईला ४६ ग्रॅम, ६५ किलोच्या पुरुषाला ५४. वय झालेल्यांसाठी युरोपातले तज्ज्ञ किलोमागे १ ते १.२ ग्रॅम धरतात, कारण म्हातारपणी तेवढ्याच प्रथिनातून स्नायू पूर्वीइतका बनत नाही. आपला कमी आकडाच घ्या. ४६ मधून २७ वजा, रोज १९ ग्रॅमची तूट. आणि ही बाई उपाशी नव्हती हे लक्षात घ्या. तीन वेळा खात होती, सात्त्विक खात होती, वजनही फार उतरलेले नव्हते. तूट दिसत नव्हती, कारण गेलेल्या स्नायूच्या जागी चरबी येते आणि वजनकाटा दोन्हींना सारखेच मोजतो.

तिशी-चाळिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायू तीन ते आठ टक्क्यांनी घटतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. १९८९ साली रोझेनबर्ग यांनी याला सार्कोपेनिया असे नाव दिले. आपण त्याला 'वय झाले' एवढेच म्हणतो. परिणाम काय, तर न्हाणीघरात तोल गेला की सावरायला पायात ताकद नसते. पडणे, मांडीचे हाड मोडणे, अंथरूण धरणे आणि अंथरुणावर उरलेले स्नायूही जाणे, अशी ती साखळी आहे. गेल्या पंचवीस वर्षांत आपल्या या तीन इमारतींतली किती माणसे या साखळीने गेली ते मी मोजून दाखवायला नको. लिफ्टचा ठराव तीन सर्वसाधारण सभांत लोंबकळला आणि शेवटी लिफ्ट आली, फार सोय झाली. पण ज्यांना गुडघ्याचा त्रास नाही त्यांनी दिवसातून एकदा तरी जिना चढावा. कारण नुसती प्रथिने खाऊन स्नायू होत नाहीत. सिमेंट आणून टाकले आणि गवंडी आलाच नाही तर भिंत कशी उभी राहील?

घरी करण्यासारखी एक तपासणी सांगतो. बिनहाताच्या साध्या खुर्चीवर बसा, हात छातीवर घ्या आणि पाच वेळा उठून पुन्हा बसा. पंधरा सेकंदांपेक्षा जास्त लागले तर पायांची ताकद कमी झाली असे समजतात. करताना शेजारी कुणाला तरी उभे करा म्हणजे झाले.

आता तूट भरून कशी काढायची. तीस ग्रॅम सुक्या मटकीची किंवा मुगाची उसळ, ७ ग्रॅम. एक पेला दूध, ६. मूठभर, म्हणजे तीस ग्रॅम, शेंगदाणे, ७. झाले वीस. कुठेही महागडी वस्तू नाही, परदेशी बी नाही. अंडे खाणाऱ्यांना एका अंड्यात ६ ग्रॅम मिळतात, मासे आणि कोंबडी खाणाऱ्यांना शंभर ग्रॅममध्ये वीसच्या आसपास. सोयाबीनच्या वड्यांत तर शंभर ग्रॅमला पन्नासहून जास्त. चव ज्याने त्याने पाहावी, मला स्वतःला त्या आवडत नाहीत.

शाकाहाराची प्रथिने अपुरी असतात असे ऐकू येते, ते अर्धे खरे आहे. नऊ अमिनो आम्ले शरीर बनवू शकत नाही. धान्यात त्यांतले लायसिन कमी, डाळीत मेथिओनिन कमी. दोन्ही एकत्र आली की एकाचे उणे दुसऱ्याने भरते. वरण-भात, खिचडी, थालिपिठाची भाजणी, मेतकूट, अगदी पुरणपोळीसुद्धा, आपल्या पूर्वजांनी अमिनो आम्लांचे नाव न ऐकता ही जोडी जमवलेली आहे. फक्त प्रमाण सांभाळायला हवे. तीन भाग धान्याला एक भाग डाळ. आपल्या आमटीत हे प्रमाण कुठच्या कुठे गेलेले असते. डाळींतल्या प्रथिनांवर आपल्याकडे सुरुवातीला ज्यांनी काम केले त्यांत कमला सोहोनी आहेत, दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. बाई म्हणून बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन त्यांना घ्यायला तयार नव्हते. त्या हटून बसल्या, १९३३ साली प्रवेश मिळवला आणि तिथे दूध आणि डाळींच्या प्रथिनांवर संशोधन केले. पुढे केंब्रिजची डॉक्टरेट घेऊन आल्या.

एक गोष्ट बोलायची की नाही असे वाटत होते, पण बोलतो. वहीत मी शेवटी स्वतःचेही रकाने भरले. माझ्या ताटात उसळ दोन डाव, सौ.च्या ताटात उरलेली अर्धी वाटी. हे काही आमच्याच घरचे वैशिष्ट्य नाही. वाढणारी शेवटी बसते आणि तिच्या वाट्याला पोळी-भात पुरतो, पण दाट आमटी, उसळ, दही संपलेले असते. म्हणजे प्रथिनांची तूट नेमकी तिच्या खात्यावर पडते. आता आमच्याकडे उसळीची वाटी आधी तिची भरली जाते. हे काम मी करतो.

व्याख्यानानंतर काही प्रश्न आले, त्यांतले चार देतो.

मूत्रपिंडाचा त्रास असेल तर? त्यांनी यातले काहीही स्वतःच्या मनाने करू नये. त्यांना प्रथिने मर्यादेत ठेवावी लागतात आणि ती मर्यादा डॉक्टर ठरवतात. मधुमेह बरीच वर्षे असेल तर क्रिएटिनीन आणि लघवीतले अल्ब्युमिन तपासून मगच ताट बदलावे.

डब्यातली प्रोटीन पावडर घ्यावी का? आजारपणात, जेवणच जात नसेल तेव्हा डॉक्टर देतात, ती गोष्ट वेगळी. एरवी घेण्याआधी डब्यावरचा तक्ता वाचा. शंभर ग्रॅममागे प्रथिने किती आणि साखर किती, हे दोन आकडे पाहा. चॉकलेटी चवीच्या कित्येक डब्यांत साखरेचा आकडा मोठा निघतो.

अंड्यातले पिवळे काढून टाकावे का? प्रथिनांपुरते सांगतो. पिवळे टाकले की अंड्यातली चाळीस टक्क्यांच्या आसपास प्रथिने गेली. कोलेस्टेरॉलचे ज्यांना सांगितले आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

शेवटचा प्रश्न बी विंगमधल्या एका आजींचा. नातवाला आणि आजारी माणसाला आम्ही वरणाचे वरचे पाणी देतो, ते चांगले ना? पाणी पचायला हलके, पण डाळीतली प्रथिने बहुतेक खाली गाळातच राहतात. आजारी माणसाला डाळ मऊ शिजवून, घोटून, दाटच द्यावी. गॅसेसचा त्रास असेल तर मुगाची घ्यावी, हिंग-जिरे घालावे आणि पळी तळापर्यंत घालून वाढावी.